खऱ्यासारखी दिसणारी कुऱ्हाड

शाळेच्या वार्षिक नाटकासाठी नाटकाच्या नव्या सरांनी बाहेरून तलवार आणली आणि चित्रकलेच्या मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं औषधाने बरं होणारं नव्हतं. तलवार म्यानातून उपसली की 'खण्ण' असा आवाज यायचा. तो आवाज तालमीच्या सभागृहातून निघून, जिना चढून, थेट चित्रकलेच्या खोलीत मास्तरांच्या कानात शिरायचा. फळ्यावर फुलदाणी काढता काढता त्यांचा हात हलायचा आणि फुलदाणी एका बाजूने गाल सुजल्यासारखी फुगायची. मुलं बिचारी ती तशीच वहीत उतरवून घ्यायची.

दुखणार नाही तर काय होणार? आजवर या शाळेच्या रंगमंचावर जेवढे राजे मेले, तेवढे सगळे मास्तरांच्या हत्यारांनी मेले होते. पुठ्ठा, लाकडाची पट्टी, सरस आणि चंदेरी रंग, एवढ्यावर त्यांनी तलवारी, भाले, कट्यारी असं अख्खं शस्त्रागार उभं केलं होतं. रंग वाळला की त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळायची, म्हणजे पात्याला थंडगार लोखंडी चमक येते, हा त्यांचा स्वतःचा शोध. या सगळ्यांत एक कुऱ्हाड होती. तिच्याबद्दल मास्तर आपण होऊन बोलत नसत, पण कुणी चुकून विषय काढला तर त्याची पुढची तासिका बुडालीच म्हणून समजा.

यंदा ती कुऱ्हाड कपाटात पडून होती. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी अगदी नम्रपणे सांगितलं होतं, "मास्तर, यंदा तुम्ही आराम करा. मी सगळं बाहेरून मागवलंय." उर्मटपणे सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नम्र माणसाशी भांडायचं कसं, हे मास्तरांना कुठल्याच पदविकेत शिकवलं नव्हतं.

घरी हे रामायण ऐकून बायकोचे कान किटले होते. तिच्या मते झालं ते चांगलंच झालं, दरवर्षी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सरस सांडायचा तो तरी वाचला. पण एकदा भाजी चिरता चिरता तिने सहज विचारलं, "खरंच इतकी चांगली आहे का हो ती तलवार?"

खरं सांगायचं तर मास्तरांनी ती जवळून पाहिलीच नव्हती. तालमीच्या दारावरून ते दिवसातून अनेकदा जात, प्रत्येक वेळी मान वाकडी करून बघत, पण आत पाऊल टाकायची छाती होत नव्हती. जवळून बघितली आणि ती खरंच चांगली निघाली तर? मग पुढचं आयुष्य काढायचं कशाच्या जोरावर?

इकडे तलवारीचं कौतुक वाढत चाललं होतं. शिपाईमामा सभागृह झाडायला जात आणि तलवार बघून येत. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. या मोठ्या बाई मास्तरांच्या कुऱ्हाडीला आजवर 'छान' यापलीकडे काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी तालीम बघून चक्क टाळ्या वाजवल्या. नवे सर शिक्षकांच्या खोलीत असा काही भाव खात बसत, की मास्तरांना डब्यातला घास गिळणं जड व्हायचं.

अशातच एका सकाळी मास्तरांची नजर फाटकाजवळच्या पाटीवर पडली. 'शाळेच्या आवारात शस्त्र, अथवा पाहणाऱ्यास खरे शस्त्र वाटेल अशी कोणतीही वस्तू आणणे व बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे.' पाटी मास्तरांनीच रंगवली होती. पण रंगवताना त्यांचं सगळं लक्ष अक्षरांच्या वळणावर होतं. त्यातला 'गुन्हा' फार सुरेख जमलाय, एवढंच त्यांना आठवत होतं. आज त्यांनी ती पहिल्यांदाच अर्थासह वाचली. वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी प्रसन्नता आली.

तक्रार करायला ते गेलेच नाहीत, असं ते पुढे स्वतःला समजावत असत. ते फक्त मोठ्या बाईंच्या कानावर घालायला गेले. "माझं काही म्हणणं नाही, बाई. पण उद्या कुणी बोट दाखवलं तर शाळेचं नाव नको खराब व्हायला." त्यांचा बेत साधा होता. बाई तलवार परत पाठवायला सांगतील, नवे सर हात चोळत बसतील आणि दुपारच्या सुट्टीत कपाटाची किल्ली मागायला येतील.

पण मोठ्या बाई कायद्याला फार भिणाऱ्या. त्यांनी कपाळावरचा घाम टिपला, टेलिफोन उचलला आणि सरळ सुरक्षा खात्याच्या कचेरीत कळवून टाकलं. मास्तर हात हलवून नको नको म्हणत होते, तोवर पलीकडून विचारणा झाली आणि बाई म्हणाल्या, "हो, शस्त्रच. आवारातच आहे."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे घडलं आणि नियम कुणाचं ऐकत नाहीत. फाटक बंद झालं. तपासणी अधिकारी दोन माणसं घेऊन हजर झाले. मोठ्या बाई त्यांना सभागृहाकडे नेऊ लागल्या, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की एकदा तक्रार आली की एकच वस्तू तपासता येत नाही, सगळं आवार तपासावं लागतं. खेळाच्या खोलीतून भालाफेकीचे भाले बाहेर आले. बागेतून शिपाईमामांचा गवत कापायचा विळा बाहेर आला. मामा विळ्यामागून जिवलग माणसाला निरोप द्यायला निघाल्यासारखे चालत होते. ही काडी लावली कुणी, असं जो तो विचारत होता. सगळ्यांत मोठ्या आवाजात मास्तर विचारत होते.

अखेर पाळी तलवारीवर आली. सगळे शिक्षक सभागृहात जमले. नव्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि मास्तरांना, त्यांनी कितीही नाकारलं तरी, ते बघून गार वाटत होतं. अधिकाऱ्यांनी तलवार उपसली. 'खण्ण' झालं. मग त्यांनी पात्याचं टोक दोन बोटांत धरून दाबलं, तर अख्खं पातं चपलेच्या पट्ट्यासारखं वाकलं. रबर होतं. आवाज कुठून येतो तेही त्यांनी शोधलं. मुठीत एक बटण होतं आणि एक छोटा सेल होता.

"खेळणं आहे," अधिकारी म्हणाले आणि तलवार पुन्हा बघायचीसुद्धा तसदी न घेता मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली.

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सेल! या सेलवर आपण इतकी रक्त आटवणारी जागरणं केली? त्यांना नव्या सरांची जवळजवळ दया आली. दया यायला आणि अधिकाऱ्यांनी विचारायला एकच गाठ पडली, "वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. किल्ली त्यांच्याच खिशात होती. वरात जिना चढून वर गेली. कपाट उघडलं. आतून एक भाला कलंडून बाहेर आला तसे अधिकारी झटकन दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्या माणसाने मोठ्या बाईंना हाताने आडोसा केला. मास्तरांच्या भीतीच्या खालून मात्र कसलीशी उकळी फुटायला लागली होती. माणूस घाबरला होता. खराखुरा सरकारी माणूस त्यांच्या भाल्याला घाबरला होता.

अधिकाऱ्यांनी भाला उचलला, वजन बघितलं आणि पुठ्ठा असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि बराच वेळ ती खाली ठेवलीच नाही.

त्यांनी कायदा समजावून सांगितला. वस्तू कशाची बनवलीय हा प्रश्न नाही, ती दिसते कशी हा प्रश्न आहे. सरळसरळ खोटी दिसत असेल, तर ती इथेच राहील आणि विषय मिटला. खरी वाटत असेल, तर सगळं कपाट जप्त होईल आणि बाळगणाऱ्याला महिनाभर शाळेच्या आवारात पाऊल ठेवता येणार नाही. म्हणजे नाटक गेलं, पगाराला कात्री लागली आणि सगळ्या शाळेत शोभा झाली ती वेगळीच.

अशा वेळी मास्तरांच्या मदतीला कोण धावून यावं? नवे सरच. माणूस मुळात वाईट नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. ते पुढे झाले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, पुठ्ठा आहे हो तो. लांबूनसुद्धा कळतं. लहान पोरगंही फसणार नाही."

मोठ्या बाईंनी जोरजोरात मान हलवली. हो हो, लगेच कळतं. खेळाचे सर म्हणाले, अगदीच कळतं. शिपाईमामांना विळ्याचं दुःख होतं तरी तेही म्हणाले, की आपल्याला तर पहिल्यापासून कळत होतं. सगळी शाळा एकजुटीने मास्तरांना वाचवत होती आणि प्रत्येक शब्दागणिक मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"तुम्ही काय म्हणता, मास्तर?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "तुमची वस्तू आहे. सांगा, खोटी दिसते ना?"

मोठ्या बाई डोळ्यांनी खुणावत होत्या. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांना ते नीट ठाऊक होतं. महिना, पगार, घरी बायको काय म्हणेल, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि या सगळ्याच्या पुढे, अगदी नाकासमोर, मदत केल्याच्या समाधानात नवे सर उभे राहिले होते.

"साहेब," मास्तर म्हणाले, "तुम्ही ती सावलीत धरलीय. जरा खिडकीपाशी या."

"मास्तर, अहो," मोठ्या बाई कळवळल्या.

पण मास्तर आता कुणाचे नव्हते. त्यांनी कुऱ्हाड खिडकीच्या उजेडात धरली आणि तिरकी केली. पात्यावरून चमक सरकत धारेपर्यंत गेली. "ही धार बघा. इथे वापरून झिजलीय. आणि दांड्यापाशी गंज, तो नुसता तांबडा नाही, त्यात खाली काळा आहे. रात्री अंधाऱ्या वाटेवर कुणी ही घेऊन समोर आलं, तर तुम्ही थांबून पुठ्ठा आहे का विचाराल?"

अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "मी पळेन."

"मग लिहा तसं," मास्तर म्हणाले.

तसं लिहिलं गेलं. कपाट जप्त झालं. विळा शिपाईमामांना परत मिळाला, भाले खेळाच्या खोलीत कुलपात गेले. कुऱ्हाड तेवढी अधिकाऱ्यांनी माणसाच्या हाती दिली नाही, कापडात गुंडाळून स्वतः दोन्ही हातांनी गाडीपर्यंत नेली. मास्तर फाटकाबाहेर पडले ते असे ताठ, की बघणाऱ्याला वाटावं त्यांचा सत्कार झालाय.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "एक 'हो' म्हणायला काय जात होतं तुमचं?" तिने विचारलं. मास्तरांनी तिला पुन्हा एकदा, पहिल्यापासून, अधिकारी दोन पावलं मागे कसे सरले ते करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाईमामांचा फोन आला. आवाज दबका होता. सकाळपासून नवे सर मोठ्या बाईंच्या खोलीत ठाण मांडून बसलेत, त्यांनी सांगितलं. तालीम बंद आहे. सरांचं म्हणणं एकच, की काल त्यांच्या तलवारीवर अन्याय झाला. साहेबांनी ती उजेडात बघितलीच नाही, खिडकीपाशी नेलीच नाही. तिची फेरतपासणी झाली पाहिजे.

"मोठ्या बाई काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"कंटाळून केला त्यांनी फोन. उद्या येतायत म्हणे परत."

मास्तर उठून उभे राहिले. पोटात ओळखीची कळ आली. ती तलवार खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात कशी दिसेल, हे ते मनातल्या मनात बघू लागले. मग त्यांनी अगदी जपून विचारलं, "कोण येणार आहे? कालचेच साहेब?"

"तेच."

"मग हरकत नाही," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत परत टेकले. "त्यांना त्यातलं कळतं."