माणिकमामांचा राउंड

"मॅडम, मागचा डावा दुखतोय का?"

माणिकमामा माझ्याशी बोलले ते पहिल्यांदा असं. मी वळून पाहिलं. डोक्याला मफलर, अंगात विटका स्वेटर, पायात प्लास्टिकची चप्पल असा एक उंच, वाळका म्हातारा माझ्या पायांकडं टक लावून बघत उभा होता.

"मला पाय दोनच आहेत," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले. "त्यातला डावा दुखतो."

"तेच म्हणून राहिलो की. मागचा डावा."

मामांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून गेली होती, हे मला नंतर कळलं. निवृत्त झाले तरी नजर काही बदलली नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे पुढचे दोन पाय उगाच वर धरून हिंडणारं जनावर.

आमच्या कंधारच्या बाहेर टेकडीच्या पायथ्याला वन खात्याचं छोटंसं रान आहे. कडुनिंब, पळस, हिवर, सीताफळीची झुडपं आणि त्यातून फिरून पुन्हा फाटकाशीच येणारी मुरमाची सपाट वाट. सगळे तिला 'राउंड' म्हणतात. स्कूटरवरून पडून माझ्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "सपाट जागेवर हळूहळू चाला, नाहीतर पाय आखडेल." शाळेत दिवसभर उभी राहणारी मी बाई, आता फाटकापासून वाटेवरच्या पहिल्या बाकापर्यंत जाताना रडकुंडीला येत होते. पुन्हा वर्गात उभी राहीन की नाही, हाच प्रश्न होता.

मामांनी पहिल्याच दिवशी मला ताब्यात घेतलं. "आहिस्ता, मॅडम, आहिस्ता. चालणं म्हंजे रवंथ हाय. घाईनं गिळलं की पोट फुगतंय."

त्यांच्या या शास्त्रातून कुणीच सुटलं नव्हतं. बँकेत नव्यानं बदलून आलेले एक साहेब रंगीत बूट घालून धापा टाकत पळायचे. मामा वाटेतच आडवे आले. "साहेब, कामून पळून राहिले? माशी चावली का?" साहेब थांबले, घाम पुसत म्हणाले, "वजन कमी करायचंय." मामांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. "खोंड चांगलं हाय. पण आसं उधळलं तर खुरं जातील." साहेबांना राग यावा की हसू, ते कळेना. दुसऱ्या दिवसापासून मात्र मामा दिसले की ते आपोआप चालायला लागायचे.

मामांबरोबर चालायचं म्हणजे दर झाडाशी थांबायचं. वारूळ दिसलं की थांबा, ओल्या मातीत रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे, खूर उमटले की थांबा. वर परीक्षा घ्यायचे. "ही पालवी कसली हिरवी म्हणावी, मॅडम? मुगासारखी का पोपटासारखी?" मी म्हणायची, "हिरवी ती हिरवी." मामा नापसंतीनं मान हलवायचे. "आसं सांगून भागत न्हाई." कुणाला आणि काय सांगायचंय, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. पण त्या थांबण्यामुळं पायाला विसावा मिळायचा आणि दुसऱ्या कशात तरी जीव गुंतायचा. पहिला बाक मागं पडला, मग दुसरा. होळीच्या सुमाराला मी अख्खा राउंड पुरा केला, तेव्हा फाटकाशी मामांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि एकदम भान येऊन स्वतःच्याच मांडीवर मारला.

राउंड संपला की मात्र मामा क्षणभर थांबत नसत. फाटकाबाहेर चहाची टपरी होती, सगळे तिथं टेकायचे. मामा म्हणायचे, "न्हाई, घरी डुटी हाय," आणि तरातरा निघून जायचे. टपरीवर चर्चा व्हायची, "मामी लई कडक हाय म्हणं."

मग एकदा मामा आलेच नाहीत. दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि घर विचारत विचारत मी गेले. मामा तापानं फणफणून पडले होते. दुसऱ्या खोलीत खिडकीशी खाटेवर एक गोरीपान, ठेंगणी बाई उशांना टेकून बसली होती. कमरेखाली पांघरूण.

"या मॅडम," त्या ओळख असल्यासारख्या म्हणाल्या. "डावा पाय कसा हाय आता? आन् ते बँकेतलं खोंड अजून उधळतंय का?"

मी बघतच राहिले. गयामामींना लकवा होऊन सहा-सात वर्षं झाली होती. घराबाहेर पडल्या त्या फक्त दवाखान्यापुरत्या. मामा रोज घरी येऊन त्यांना सगळा राउंड सांगायचे. माझं रडणंसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

"हे पडले तवापासून रानात काय चाललंय कळंना झालंय. पळस फुलला का?"

"फुलला."

"कसा?"

मी चाचरले. मग डोळे मिटून आठवायला लागले. निखाऱ्यासारखा, पण कडेला जरा फिकट. खाली सडा, त्यावर मुंग्या. मामी तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होत्या.

"तुम्हीच चला की एकदा," मी म्हणाले.

त्या दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना दिवसातला तेवढाच येळ मोकळा. तिथंबी माझं लोढणं कामून?"

पलीकडच्या खोलीत जाऊन मी मामांना विचारलं, मामींना राउंडला का नेत नाही. त्यांनी नजर आढ्याकडं वळवली. "पाय असताना लई फिरायची ती. आता वाट दाखवून पायाची आठवण कामून द्यावी, मॅडम?"

इतकी वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांना जपत होते, आणि कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. मी मामांना मामींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते उठून बसले. मफलर डोळ्यांवर ओढून घेतला.

ताप उतरल्यावर मी शाळेतल्या शिपायाच्या घरची चाकाची खुर्ची आणली. फाटकाशी असलेल्या खाचेवरून ती उचलून घ्यायला बँकेतले साहेब स्वतःहून धावले. मामी नवं लुगडं नेसल्या होत्या. मामा खुर्ची ढकलत होते आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प होते. मामी वारूळ ओळखत होत्या, वाकडा हिवर ओळखत होत्या. पळसाखाली त्यांनी खुर्ची थांबवायला सांगितली. एक फूल मागून घेतलं आणि गालाला लावून बघितलं.

वाट वळली आणि समोर फाटक दिसलं.

"संपलं?" मामी म्हणाल्या. "एवढंच रान हाय व्हय? तुम्ही तर तासतासभर सांगत होतात!"

मामा ओशाळले. "थोडं लांबवून सांगत होतो गं."

मामींनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. मग खुर्चीच्या दांडीवरच्या त्यांच्या हातावर लकव्यातून वाचलेला आपला हात ठेवला.

"हाव का? मग चला, आणखी एक राउंड मारा."

साहेब हसले, मी हसले. मामांना काही हसता येईना. त्यांनी खुर्ची वळवली. मीही त्यांच्यामागून निघाले. लागोपाठ दुसरा राउंड मी त्याआधी कधीच केला नव्हता.