शोकेसला पडलेला वेढा

शहाजीने एका रविवारी पुस्तक मोठ्याने वाचायचं ठरवलं आणि तिथेच त्याचं घोडं पेंड खायला लागलं. मनातल्या मनात वाचलं असतं तर जुळे सोलापुरातल्या त्या घरात शंभर वर्षांपूर्वीचे मेलेले लोक जेवायला आले नसते.

शहाजी सरकारी कचेरीत सीनियर क्लार्क. दिवसभर फायली, संध्याकाळी सैन्य. सैन्य म्हणजे बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई, एकूण बेचाळीस, आणि त्यांच्या लढायांची पुस्तकं. शिपाई हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये उभे असत. शोकेस त्याच्या बायकोच्या, विजयमालाच्या माहेरचं. तिला त्यात डिनर सेट मांडायचा होता. "अहो, कधी रिकामं करताय?" असं तिने विचारलं, की शहाजी म्हणे, "एवढी लढाई संपू दे." (एक संपली की तो दुसरी काढी. इतिहासात लढायांना तोटा नाही.) कचेरीत त्याचं कोणी ऐकत नसे, घरातही नसे. हुकूम ऐकणारे काय ते हे बेचाळीस, म्हणून त्यांची जागा तो जिवापाड राखत होता.

त्या रविवारी कूटचा वेढा चालला होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूट गावाला तुर्कांनी वेढा घातला. आत इंग्रजांच्या फौजेतली आपल्या देशातली हजारो माणसं अडकली. दाणागोटा संपला, घोडे कापले. कितीकांनी धर्मापायी ते मांस तोंडात घेतलं नाही, गवत आणि पाला खाल्ला, आणि खंगून मेले. शहाजीने हे पोथी वाचावी तसं खड्या आवाजात वाचलं. आतल्या खोलीत त्याची आई बजाबाई पडून होती. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मंद्रूपहून आणलेली.

"आवाज कमी करू का गं आई?"

"वाच की. आयकतीया मी."

सोमवारी संध्याकाळी तो कचेरीतून आला. शिपाई त्याने उत्तरेला तोंड करून लावले होते. आता बेचाळीसच्या बेचाळीस दक्षिणेकडे बघत होते. एकाचीही रांग चुकलेली नव्हती.

"शोकेसला हात लावलास?"

"मला काय करायचंय तुमच्या बाहुल्यांशी?" विजयमाला म्हणाली आणि शेंगा कुटत राहिली.

मंगळवारी पहिल्या रांगेपुढे कडक भाकरीचा नखाएवढा तुकडा पडलेला दिसला. एका कडेने कुरतडल्यासारखा. (मुंगी असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मुंगी दिसेना.) बुधवारी फळी ओली होती, थेंबांची ओळ लागली होती, आणि बुटांपाशी काळे बारीक दाणे सांडले होते. बंदुकीचे छर्रे असावेत तसे. शहाजीने काच हळूच लावून घेतली. घरात पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

गुरुवारी तिथे गवत होतं. हिरव्या, लांब, टोकदार काड्या, एकेका शिपायापुढे एकेक. शहाजीने पुस्तक उघडलं. त्याच पानावर लिहिलं होतं: गवत खाल्लं. मधल्या रांगेतला एक पगडीवाला आपल्याकडे डोळे वर करून बघतोय असं त्याला वाटलं, आणि त्या संध्याकाळी पानावर वाढलेली भाकरी त्याने तशीच बाजूला सारली.

शुक्रवारी त्याने शेजारच्या टेबलावरच्या तिप्पण्णाला सगळं सांगितलं.

"साहेब, उपाशी मेलेला माणूस जेवल्याबिगर हलत नसतोय," तिप्पण्णा म्हणाला. "तोंड कुटं हाय म्हणालात?"

"दक्षिणेला."

तिप्पण्णाने हातातला चहा खाली ठेवला आणि आपली खुर्ची जरा लांब सरकवली.

शनिवारी कचेरीला सुट्टी. शहाजी गुडघ्याचं मलम घेऊन साडेबाराच्या उन्हात घरी आला, तर शोकेस रिकामं. एकही शिपाई नाही. विजयमाला कुठे दिसेना. तो आईच्या खोलीत धावला, तर पलंगही रिकामा. धरल्याशिवाय मोरीपर्यंत न जाणारी बाई नाहीशी झालेली! तेवढ्यात डोक्यावर, गच्चीत, पाय घासत चालल्याचा आवाज आला. एक पाऊल. मग बऱ्याच वेळाने दुसरं.

शहाजीने लाटणं उचललं आणि जिना चढला. (आघाडीवर जाणारा माणूस रामरक्षा म्हणत उलटा चढत नाही, पण तो चढला.)

गच्चीच्या कठड्यावर बेचाळीस शिपाई दक्षिणेला तोंड करून उभे होते. समोर केळीच्या पानावर भात, वडे, खीर. पानाशी विजयमाला, आणि तिच्या खांद्याला धरून बजाबाई.

"आई! तू चढलीस कशी?"

"बसून बसून. हत्यारानं गेलेल्यांची तित हाय आज. पितरांचे दिवस, आन तू मोठमोठ्यानं वाचतुयास का उपाशी मेले. कुनी तिळाचं पानी तरी सोडलंया का त्यास्नी?" म्हातारीचा आवाज कापरा झाला. "माज्या आज्याचा भाऊ सिद्धाप्पा असाच गेला, त्याच मुलखात, बसऱ्याला. परत न्हाय आला. घरच्यांनी वाट बघितली, पान न्हाय वाढलं."

छर्रे नव्हते, तीळ होते. गवत नव्हतं, दर्भ होता. शहाजीने लाटणं पाठीमागे लपवलं. त्याला आईची माया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"मला सांगायचं होतंस!"

"आईंच्या सांगण्यावरून मीच करत होते. चेष्टा करतील, सांगू नको, असंही त्याच म्हणाल्या," विजयमाला म्हणाली.

कावळा टाकीवर येऊन बसला, पण पानाला शिवेना. बजाबाईचा चेहरा उतरला. "काय तरी इच्छा ऱ्हायलीया बग."

शहाजीने हात जोडले. "तुमची नावं शोधून काढीन." कावळा ढिम्म. "पुस्तक पुरं वाचीन." कावळ्याने चोच पुसली.

"घरला जायाचं असंल त्यास्नी."

"कुठल्या घरी, आई? यांचं पार्सल चीनमधून आलंय!"

विजयमालाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "शोकेस रिकामं करतो, म्हणा. दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं त्यांनी?"

बजाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. शहाजीने दात आवळले. "करतो. कायमचं."

शब्द तोंडातून निघतोय तोच कावळा झेपावला, वडा उचलला आणि गेला. बजाबाईने शहाजीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

रविवारी शोकेसमध्ये डिनर सेट झळकला आणि शिपाई पलंगाखालच्या खोक्यात गेले. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत काव काव झाली. विजयमालाने भाकरीचा तुकडा पुढे केला, कालच्याच कावळ्याने तो तिच्या हातातून घेतला.

"हा... हा रोज येतो?"

"चार वर्षं झाली. बरोबर पावणेएकला," ती म्हणाली. "मिनिट इकडचं तिकडे नाही."

गडकोट फितुरीने पडतात, हे शहाजीला तोंडपाठ होतं. फितूर कोण, ते मात्र शपथ घेऊन झाल्यावर कळलं, आणि तो कावळा त्याच्याकडे एक डोळा करून खुशाल भाकरी खात होता.