हिरो बाद आहे

आमच्या कॉलनीतले नाना सिनेमाला जाताना खिशात शिट्टी घेऊन जातात. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सिनेमात शिट्ट्या सगळेच मारतात. पण नानांची शिट्टी खेळ थांबवण्यासाठी असते.

नाना म्हणजे अमळनेरच्या एका शाळेतले निवृत्त पीटी मास्तर आणि कबड्डीचे जुने पंच. वय चौऱ्याहत्तर, केस कमी, मतं भरपूर. एरवी बोलणं मास्तरी मराठीत, तापले की थेट अहिराणी. "मना निर्णय फायनल शे" म्हटलं की विषय संपला, मग तो कबड्डीचा असो नाहीतर मेथीच्या जुडीचा.

जळगावात तो कबड्डीचा भव्य संगीतमय सिनेमा लागला तेव्हा नानांना घेऊन जायची दुर्बुद्धी मलाच सुचली. साडेतीन तास, नऊ गाणी, एक दुष्काळ, दोन लग्नं. शेवटच्या सामन्यात गावाची इज्जत पणाला लागलेली, हिरो एकटा उरलेला आणि समोर सात धटिंगण. हिरो चढाईला निघाला आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं सोडून चक्क गायला लागला! आधी मुखडा, मग ढोल, मग अंतरा. मुखडा संपला मात्र, नाना उठून उभे राहिले, जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि हात वर करून ओरडले, "दम तुटना! बाद शे!"

पब्लिकला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. मग काय, सगळं थिएटर शिट्ट्या मारू लागलं. नानांच्या हयातीत त्यांचा निर्णय इतका कुणी उचलून धरला नसेल.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रेक्षकांची मतं गोळा करायला सुरुवात केली. दिसेल त्याला एकच प्रश्न. "शेवटची चढाई पाहिली? मुखडा आणि अंतऱ्याच्या मध्ये त्यानं श्वास घेतला की नाही? मग बाद की नाही?"

माझी बायको म्हणाली, "नाना, काय गाणं होतं हो! मी तर रडले."

"तुम्ही रडत होता तेवढ्यात त्यानं श्वास घेतला," नाना म्हणाले.

कोपऱ्यावरचे साडीवाले शेठ म्हणाले, "हिरो बाद झाला तर पब्लिक खुर्च्या तोडेल, नाना." नाना उसळलेच. "सामन्यातपण तोडतात. म्हणून पंचानं निर्णय फिरवायचा?" डॉक्टर गमतीनं म्हणाले, इतका वेळ दम धरला तर माणूस माझ्याकडे अ‍ॅडमिट होईल. तर हे गृहस्थ त्यांच्याकडून ते चिठ्ठीवर लिहून, सही करून घेऊन आले! शेजारची कॉलेजातली पोरगी म्हणाली, "नाना, गाणं मागे वाजतं. तो स्वतः गात नाहीये." हा मुद्दा मात्र नानांना लागला. ते पुन्हा सिनेमाला गेले, पहिल्या रांगेत बसले आणि येऊन सांगितलं, "ओठ हलतात."

चार महिने हे चाललं. आम्ही त्यांना लांबून पाहिलं तरी गल्ली बदलायचो.

मग एका रविवारी ते माझ्या दारात उभे. "चल, धुळ्याला जाऊ. एका प्रेक्षकाचं मत राहिलंय." म्हटलं, झालं! आता जिल्हा ओलांडला. पण नाही म्हणवेना.

बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर नाना आपणहून बोलू लागले. "सुपडू, माझा धाकटा भाऊ. धुळ्याला मोठा सामना होता. दुसरा पंच ऐनवेळी आला नाही, म्हणून मी उभा राहिलो. लोक आधीपासूनच कुजबुजत होते, पंच सख्खा भाऊ आहे, निकाल ठरलेलाच. शेवटच्या चढाईत सुपडू गडी मारून रेषेपाशी आला आणि मी शिट्टी दिली. दम तुटला, बाद."

"तुटला होता?"

"राज्याच्या संघात गेला असता तो. निवडणारे समोर बसले होते. चाळीस वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. आईच्या दहाव्यालाही बोलला नाही."

"नाना, दम तुटला होता का?"

"नाही रे. लोकांना घाबरलो मी." मग थांबून म्हणाले, "ज्याचा तुटला त्याच्यासाठी थिएटरभर लोक टाळ्या वाजवतात. ज्याचा तुटला नव्हता, त्याला मी बाद दिलं."

मला माझीच लाज वाटली. या माणसाची आम्ही चार महिने टिंगल केली होती.

धुळ्यात सुपडूआप्पांचं भांड्यांचं दुकान. नाना बाहेर थांबले, मला आत पाठवलं. दोन बायका कढया वाजवून बघत होत्या. मी गल्ल्यापाशी जाऊन विचारलं, "आप्पा, तो कबड्डीचा सिनेमा पाहिलात का? शेवटची चढाई..."

आप्पांनी मान वर केली नाही. "बाहेर उभे आहेत त्या पंचांनी पाठवलं ना? मुखड्यानंतर दम तुटला. हिरो बाद. सांगा त्यांना."

नाना तोवर आत आले होते. गल्ल्यावर वाकून अगदी हळू म्हणाले, "सुपडू, तुना दम तुटेल नव्हता."

आता आप्पांनी मान वर केली. "बठ्ठा गावसमोर बाद दिधं, आनि आते कानमा सांगस?"

नाना सरळ उभे राहिले. वळले आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "ऐका हो! चाळीस वर्षांपूर्वी या माणसाला मी बाद दिलं. तो बाद नव्हता. जिंकला होता. चूक माझी, पंचाची!"

रस्त्यावरचे दोघेतिघे थांबले. बायका कढया हातात धरून बघत राहिल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "कशात जिंकला गं?" दुसरीनं तिला गप्प केलं.

आप्पा गल्ल्यामागून उठले, गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आले आणि स्टूल नानांकडे सरकवलं. मग त्यांनी घरी फोन लावला. "दोन ताटं जास्त कर," एवढंच म्हणाले.

कोण येतंय, असं पलीकडून आप्पांच्या बायकोनं विचारलं असावं.

"मना भाऊ येल शे," आप्पा म्हणाले.