शिकाऊ मशीन

"आज मशीन नीट चाललं, की उद्या तुझा पंप जमा कर," मालक म्हणाले. आणि वर, "वाईट वाटून घेऊ नकोस," असंही म्हणाले.

फवारणीवाल्याने वाईट वाटून घेतलं नाही, उद्यापासून खायचं काय याचा हिशोब मांडला. केस काळे होते तेव्हापासून तो पाठीवर पंप घेऊन लोकांच्या हिरवळींवर तणाचं आणि किडीचं औषध मारत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं. आणि त्याचं काम खायला निघालेल्या ह्या मशीनचा गुरू तोच होता!

मशीन कसं शिकतं, हे समजायला अवघड नाही. लहान मूल शिकतं तसंच. आपण सांगतो ते नाही, आपण करतो ते. मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनीयर मुलीने गेल्या महिन्यात त्याच्या टोपीला कॅमेरा लावला, पंपाच्या खटक्याला वायर जोडली आणि म्हणाली, "काका, तुम्ही रोजच्यासारखं काम करा. हे बघून बघून शिकेल." पहिल्या दिवशी काका फोटोला उभं राहिल्यासारखे ताठ चालले. दुसऱ्या दिवशी कॅमेरा आहे हेच विसरून गेले.

बायकोने तेव्हाच बजावलं होतं, "सगळं शिकवू नका हं त्याला. थोडं हातचं राखा."

राखायचं राहून गेलं.

मशीन दाखवायचं ठरलं मालकांच्याच बंगल्यावर. तिथली हिरवळ म्हणजे मालकांचा जीव की प्राण. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला ती दाखवायची आणि म्हणायचं, "बघा आमच्या औषधाची कमाल!" आज एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. शाळेचं मैदान चांगलं ऐसपैस होतं.

मशीन शेजारच्या बंगल्यापासून निघालं. चार चाकं, टाकी आणि पुढे लांब लोखंडी हात. काय सफाईने फवारत होतं! मग मध्येच थांबलं आणि हात मागे टाकून करकरलं.

"बिघडलं का गं?" मालकांनी विचारलं.

इंजिनीयर मुलगी काही बोलायच्या आत फवारणीवाला पुटपुटला, "नाही मालक. तिथे माझी कंबर धरते."

पुढे मशीन झाडाच्या सावलीत बराच वेळ नुसतं उभं राहिलं. मालकांनी फवारणीवाल्याकडे बघितलं. फवारणीवाल्याने आभाळाकडे.

शेवटी मशीन मालकांच्या हिरवळीत शिरलं. खट्! फवारा बंद. ते तसंच कोरडं चालत पार पलीकडच्या बाकापाशी गेलं आणि थांबलं.

"अगं, फवार म्हणावं त्याला!"

मुलीने हातातल्या पडद्यावर बघितलं. "सर, ते बरोबर चाललंय. इथे औषध मारायचं नाही, असंच शिकलंय."

"कोणाकडून?"

हे मात्र विचारायची गरज नव्हती. फवारणीवाल्याने टोपी काढून हातात घेतली.

"मालक, औषध मी गोदामात परत ठेवतो. एक थेंब घरी नेला नाही."

"म्हणजे इथे कधीच..." मालक मटकन खाली बसले.

तेवढ्यात मालकांच्या आई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "त्याला कशाला बोलतोस? मीच सांगितलं होतं. तुझी धाकटी रांगायला लागली तेव्हा. तिच्या तोंडात औषध जायला नको म्हणून. तण आम्ही दोघं हातानं उपटतो, गप्पा मारत."

"आई, धाकटी कॉलेजात जाते आता!"

"मग?"

"मग आता कोण लोळतं इथे?"

"मी," आई म्हणाल्या. "तुला काय त्रास आहे?"

मुख्याध्यापिकाबाई मालकांकडे बघत होत्या. मालकांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

"म्हणजे ही तुमच्या औषधाची कमाल," बाई सावकाश म्हणाल्या, "औषधाशिवायची?"

बाईंनी वाकून गवतावरून हात फिरवला.

"आमच्याकडेही मुलं लोळतात. मला मशीन नको, असंच करून हवं. पण त्याला माणसं लागतील ना?"

मालक ताडकन उठले. गिऱ्हाईक हातचं जाऊ देतील तर ते मालक कसले! त्यांनी फवारणीवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. ज्या खांद्यावरून उद्या पंप उतरवायचा होता, त्याच.

"आहे की! आमचा जुना, भरवशाचा माणूस. हवी तेवढी माणसं तयार करेल."

फवारणीवाल्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहा घ्यायला बाकाकडे वळला. बघतो तर त्याच्या नेहमीच्या जागेवर मशीन उभं. लोखंडी हात अदबीने ट्रेपुढे धरलेला. आई कौतुकाने त्याच्याकडे बघत होत्या.

"गुणी आहे हो! ह्याला साखर किती घालू?"

"आई!" दिवसभरात पहिल्यांदाच फवारणीवाला खरा घाबरून धावत सुटला. "तो कप माझा आहे!"