बोटांची हजेरी

बळीराम मास्तर मुलांची हजेरी घेत नाहीत. बोटांची घेतात.

आमच्या शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत पाच जुने कॉम्प्युटर आहेत. दुपारचं जेवण झालं की दुसरी-तिसरीतली दहा मुलं तिथे दोघं-दोघं करून बसतात आणि मास्तर दारात उभे राहून वही उघडतात.

"डावी करंगळी?"

दहा करंगळ्या वर होतात. "हजर, सर."

"डावी अनामिका?"

"हजर, सर."

उजव्या करंगळीपर्यंत पोचायला चांगली सात-आठ मिनिटं जातात. एकदा मुस्कानची डावी करंगळी दारात चेंगरली. तिसरीतली पोर, बोटाला हे एवढं गाठोडं बांधून आली. मास्तरांनी वहीत तिच्या करंगळीपुढे फुली मारली आणि विचारलं, "रजेचा अर्ज कुठं हाय?"

"बोटाचा?"

"मंग काय माह्या बोटाचा?"

मुस्काननं उरलेल्या नऊ बोटांनी अर्ज टाईप केला. 'माझी करंगळी दारात सापडली सबब तिला तीन दिवस सुट्टी द्यावी ही विनंती.' मास्तरांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, सही केली आणि करंगळीचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या अनामिकेकडे सोपवला. मी दारातून हे पाहत होते. मला हसू आलं, तर मास्तर म्हणाले, "मॅडम, कारभार म्हणजे कारभार."

मी या शाळेत दुसरीला शिकवते. लोणारहून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव. मास्तर आमच्या शाळेचे कोणीच नाहीत. तीसेक वर्षं त्यांनी तहसीलच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप केले. सातबाऱ्यात नाव चढवायचा अर्ज, रेशनकार्ड फाटल्याचा अर्ज, नवरा नांदवत नाही म्हणून अर्ज. त्या अर्जांची भाषा त्यांच्या जिभेला कायमची चिकटली. चहा गार निघाला तर ते म्हणतात, "चहात वाफ आढळून आली नाही, सबब परत पाठवून राह्यलो." टाईपरायटरचे दिवस संपले तसं त्यांनी टेबल उचललं. मग एके दिवशी शाळेत आले आणि आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, म्हणाले की कॉम्प्युटरवर धूळ बसून राह्यली, मी पोरायले टायपिंग शिकवतो, मले काही नको. मोठ्या बाईंनी लेखी अर्ज मागितला. तो त्यांच्या खिशात तयारच होता.

शिकवायला त्यांनी एक खेळ शोधला. पडद्यावर खाली सहा घरांचं गाव, वर काळं आभाळ. आभाळातून दगड पडतात, प्रत्येक दगडावर इंग्रजी अक्षर. दगड जमिनीला टेकायच्या आत ते अक्षर दाबलं तर दगड फुटतो, नाही तर घर जातं. मुलांचे हात पंचाखाली झाकलेले. बघून टाईप करणं मास्तरांच्या लेखी चोरी. "नजर वर, बोट घर," असं म्हणत ते पाठीमागून फिरत. बोटाचं घर म्हणजे मधली ओळ. कुठेही जा, परत तिथेच या.

खेळ कुठल्या परदेशात तयार झाला कोण जाणे, पण लोणारच्या माणसाला आभाळातून दगड पडण्याचं काय सांगायचं? पहिल्याच दिवशी मास्तरांनी मुलांना विश्वासात घेतलं. "आपल्या इथं एक डाव असाच दगड पडेल हाय. कोणाचं तरी बोट चुकलं, अन् एवढं मोठं तळं झालं. आता बसा नीट."

मुलं नीट बसली. इतकी नीट, की मला काळजी वाटायला लागली. पडद्यावरचं घर पडलं की मास्तर खेळ थांबवून पंचनामा करायचे. घर कोणाचं, आत कोण होतं, कोणत्या बोटाच्या हलगर्जीपणानं पडलं. मुलांना उत्तर द्यावं लागे, म्हणून त्यांनी घरांना माणसं दिली. पहिलं घर मुस्कानच्या नानीचं. दुसरं पोस्टमनचं. तिसरं गणेशच्या बकरीचं, कारण गणेश म्हणाला तिलेही घर पाह्यजे. शेवटच्या लहानशा घरात मुलांनी खुद्द मास्तरांना ठेवलं. तिकडे दगड जायला लागला की दहाही जणं श्वास रोखत.

महिनाभरात गणेशची आई शाळेत आली. पदराला हात पुसत मला म्हणाली, "बाई, काय शिकवून राह्यले व तुम्ही? पोरगं झोपेत उठते अन् म्हणते, क्यू पडला, क्यू पडला. मी म्हणलं, कोण पडला रे बाप्पा?"

मी तिला मास्तरांकडे नेलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फुटला का क्यू?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत?"

"झोपेत बोट कोणतं हालत होतं?"

तिनं आठवून डावी करंगळी दाखवली. मास्तरांचा चेहरा उजळला. "बरोबर हाय. पोरगं झोपेतही चुकत नाही." आणि गणेशच्या आईचं समाधान झालं. कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पण तक्रार दुसऱ्या कोणीतरी वर केली. शाळेत पोरं गेम खेळतात, कॉम्प्युटर वाया जातात. बुलढाण्याहून एक साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांना पटलं नाही तर पाचही मशिनं मोठ्या गावच्या शाळेत हलवायची. मोठ्या बाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मास्तरांनी फक्त हजेरीच्या वहीला नवीन कव्हर घातलं.

साहेब आले, खोलीत बसले, आणि लाईट गेली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "कामकाज तहकूब होणार नाही," आणि एका स्टुलावर चढले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याच्या चकत्या होत्या, प्रत्येकीवर एक अक्षर. वरून एक चकती सोडली. प्रत्येक जोडीतल्या एकानं पंचाखाली बंद कीबोर्डवर खटकन बटण दाबलं. दुसरी सोडली. खटकन. पडदे काळे, पंखा बंद, स्टुलावर एक म्हातारा माणूस आभाळ झालेला, आणि मुलं जिवाच्या आकांतानं एक नसलेलं गाव वाचवतायत.

साहेब थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पण कोण बरोबर दाबतंय, कोण चूक, हे तुम्हाला कसं कळतं?"

"आवाजावरून," मास्तर स्टुलावरूनच म्हणाले. त्यांनी डोळे मिटून आणखी एक चकती सोडली. "गणेश, तो एस होता. तू डी दाबला."

गणेशनं मान खाली घातली. साहेबांनी उठून पंचा वर केला. बोट डी वरच होतं.

तेवढ्यात लाईट आली. कॉम्प्युटर चालू झाले, खेळ लागला. साहेबांना राहवलं नाही. म्हणाले, बघू मी. मुस्काननं उठून जागा दिली आणि त्यांच्या हातावर पंचा टाकला. साहेब दोन्ही तर्जन्यांनी काम चालवणारे. पोस्टमन गेला, नानी गेली, बघता बघता पाच घरं गेली. सहाव्या घराकडे दगड निघाला तसे मुस्काननं पंचाखाली हात घातले आणि तो फोडला. साहेब घाम पुसत होते. गणेश त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तिसरं घर कोणाचं होतं माहीत हाय का?"

"कोणाचं?"

"आमच्या बकरीचं."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग गणेशकडे. "माफ कर," ते म्हणाले, आणि ते खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाले.

आठ-दहा दिवसांनी कागद आला. कॉम्प्युटर शाळेतच राहणार होते. मास्तर तेव्हा घरी निघून गेले होते, म्हणून शाळा सुटल्यावर तो कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ. ते घरी बोलावत नसत, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

दोन खोल्या. पुढच्या खोलीत खाटेवर त्यांची बायको, कांताकाकू, उशांना टेकून बसलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. समोर स्टुलावर एक जुनाट कॉम्प्युटर. मी नमस्कार केला, तर त्या काहीतरी म्हणाल्या, पण शब्द तोंडातच विरघळून गेला. मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्यांना कळलं.

मास्तरांनी मला खुर्ची दिली. "दोन वर्सं झाले," ते म्हणाले. "उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बोलते ती, पण मले काही समजत नाही. मी भलतंच आणून देऊ. पाणी म्हणे तं चादर, चादर म्हणे तं पाणी. मंग ती भिताडाकडं तोंड करून घे. पेन धरता येत नाही. म्हणलं, डावा हात हाय ना. हा खेळ हिच्यासाठीच आणला होता, मराठी अक्षराचा. शाळेतला मंग पाह्यला."

"जमलं त्यांना?"

"आठ महिने गेले. आठ महिन्यानं पहिलं वाक्य लिहिलं." ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरमागून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर एकच ओळ छापलेली होती. 'वरणात मीठ लय होते.'

मास्तर म्हणाले, "साऱ्या गावाचे अर्ज म्या टाईप केले, मॅडम. मले कोणाचा आला नव्हता."

मग मी आणलेला कागद त्यांनी काकूंना पूर्ण वाचून दाखवला, जावक क्रमांकापासून सहीपर्यंत, आणि चहा ठेवायला आत गेले.

काकूंनी मला डोळ्यांनीच जवळ बोलावलं. डावा हात उचलून त्या एकेक अक्षर शोधू लागल्या. खूप वेळ लागला. आत स्टोव्हचा आवाज चालू होता. मी पडद्याकडे बघत उभी राहिले.

'मले भरवतात. मंग उरलं तेवढं उभ्यानं खातात. तुम्ही सांगा त्यायले. माझ्यासमोर बसून जेवा म्हणा.'

मास्तर चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. पडद्यावर काहीतरी लिहिलेलं दिसलं तसा त्यांनी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या तोंडून 'सबब' निघाला नाही, 'तरी' निघाला नाही.

"बरं," ते म्हणाले.

आतून पाट आणून त्यांनी तो खाटेसमोर मांडला. बशीत चहा ओतला, फुंकून निववला आणि काकूंच्या ओठाशी धरला. मग आपला कप घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.