बशीरभाईंच्या लॉनची कड

हरिसिंग राठोडांनी मशीन पुसून, तेलपाणी करून पुन्हा जोडलं, तेव्हा एक वायर उरली. बारीक, काळी, कुठेच न जाणारी. त्यांनी ती थोडा वेळ निरखली आणि टाकीखाली खोचून दिली.

हैदराबादच्या पुतण्याने फ्लॅटमध्ये राहायला जाताना हे मशीन काकांना पाठवलं होतं. लॉनच्या कडेने फिरवायचं. त्याचं उभं पातं, सुरीने वडी कापावी तशी गवताची कड सरळ कापून काढतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या हरिसिंगांना सरळ रेषेचं आधीच भारी वेड. लोहाऱ्यातल्या घरापुढचं गवत त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

त्यांनी पेट्रोल काठोकाठ भरलं. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तेव्हा कुठे मशीन धडाडलं. पहिली फेरी सुरेख झाली. बिजलीबाई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता कौतुकाने बघत होत्या. फेरी संपल्यावर हरिसिंगांनी बंद करायचं बटण दाबलं. मशीन चालूच. पुन्हा दाबलं. उरलेली वायर कशाची होती, ते त्यांना तेव्हा कळलं.

“आता बंद करा ना,” बिजलीबाई म्हणाल्या.

“होऊन नाही राह्यलं.”

“गाडीची चाबी काढता तशी काढा.”

“चाबी असती तर काढली नसती काय?”

खाली ठेवून पाहिलं, तर पातं मातीत रुतलं आणि मशीन आपणहून तुळशीकडे निघालं. हरिसिंगांनी धावत जाऊन दांडा धरला. वायरपाशी हात न्यावा, तर सायलेन्सर तापून लाल. पेट्रोल संपेपर्यंत चालत राहणं, एवढाच मार्ग उरला. दुसऱ्या फेरीत लॉन बोटभर आत सरकलं, तिसऱ्या फेरीत वीतभर. असंच चाललं तर शेवटी पाटावर बसण्यापुरतं गवत उरेल, असं बिजलीबाईंनी शांतपणे सांगितलं.

पुढे सिमेंटचा रस्ता होता. तिथे पात्यातून ठिणग्या उडाल्या. मऊ कड म्हणावी अशी शेजारी एकच होती, बशीरभाईंच्या लॉनची. आणि तिथे जायला हरिसिंगांना तोंड नव्हतं.

बशीरभाई ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान मुलाकडे सोपवून घरी बसलेले. उन्हाळ्यात ते पांढरकवड्याला लग्नाला गेलेले असताना, त्यांचं मेंदीचं वेडंवाकडं कुंपण हरिसिंगांना बघवलं नाही. ते त्यांनी परस्पर कापून सरळ केलं. एक बाजू सारखी करताना दुसरी कमी होत गेली आणि पुरुषभर मेंदी गुडघ्यावर आली. तेव्हापासून बशीरभाई बोलायचे बंद झाले. माफीचे शब्द हरिसिंगांच्या ओठांपर्यंत कितीदा तरी आले होते. पण मेंदीकडे नजर गेली की परत फिरायचे.

कुंपण गुडघ्याएवढंच असल्याने मशीनसकट पार होणं मात्र सोपं गेलं.

बशीरभाई खुर्चीत पेपर वाचत होते. हरिसिंगांनी ओरडून काहीतरी सांगितलं. ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. मग ते मुकाट्याने कडेने चालू लागले. बशीरभाईंनी पेपरची घडी घातली, जवळ आले, मशीनकडे आणि मग हरिसिंगांकडे नीट पाहिलं, आणि बोटाने सुटलेला कोपरा दाखवला. कोपरा झाल्यावर पारिजातकाचं आळं दाखवलं. मग हात मागे बांधून सोबत चालत त्यांना घरामागे घेऊन गेले. अनवरीभाभींनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली, तरी मशीन चालूच.

अखेर ते खोकलं आणि थांबलं. एवढी शांतता झाली की हरिसिंगांना बोलणं भाग पडलं.

“बशीरभाई, मेंदीचं तेवढं… मी तुमाले इचारलं पायजे होतं.”

“वाढते मेंदी,” बशीरभाई म्हणाले. “चहा घ्या.”

हरिसिंगांनी कप उचलला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. आपण मदतीला आलो असं यांना वाटत असेल, तर वाटू द्यावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

चहा संपल्यावर बशीरभाई मशीनपाशी वाकले आणि एका छोट्या खिट्टीवर बोट ठेवलं.

“पुढच्या खेपेले बंद नाही झालं, तर हा चोक ओढायचा. श्वास कोंडून बंद पडते.”

हरिसिंगांनी कप खाली ठेवला. “तुमाले माहीत होतं? कधीपासून?”

“तुमी कुंपण ओलांडलं तेव्हापासून.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

बशीरभाईंनी लॉनवरून एकदा समाधानाने नजर फिरवली.

“मागची बाजू राह्यली होती ना.”