आप्पांची ताटी

जांबोटीचे आप्पा दारात आलेल्या माणसाच्या खांद्याचा आधी वास घेत, मग "या, बसा" म्हणत. मास्तरांची बायको म्हणून मी गावात नवी आले, तेव्हा माझाही घेतला.

"बाई, तुमच्या ट्रंकंत बुरा चढलाय."

घरी येऊन ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीवर हिरवट बुरशी होती.

आमच्याकडे मृगाला लागलेला पाऊस दसऱ्यापर्यंत हलत नाही. भिंतींना पाझर फुटतो. आप्पांच्या चुलीवर बांबूची लांबरुंद ताटी टांगलेली होती. चूल दिवसभर धुमसायची आणि त्या उबेला अख्ख्या गावाच्या वस्तू पडलेल्या असत. मला याद्या करायची सवय, म्हणून त्यांची यादी माझ्याकडे आली: मास्तरांचा कोट, शाळेतला मुंबई इलाख्याचा नकाशा, भजनाचा मृदंग, पाटलांचा जरीचा फेटा, तीन पोरींच्या पत्रिका, माझा शालू.

आप्पा विधुर, मूलबाळ नाही. नियम एकच: ज्याची वस्तू त्यानं एक दिवसाआड येऊन स्वतः उलटायची. पाटील कुरकुरत, "आप्पा, तुझ्या हातास्नी काय झालंय रं?"

"फेटा तुझा, डोकं तुझं. हात माझे कशाला?" असं म्हणून आप्पा त्यांच्यापुढे गुळाचा चहा ठेवत. मग पाटील तासभर हलत नसत.

मला मात्र ही व्यवस्था पटेना. म्हातारा माणूस लोकांच्या कपड्यांसाठी रानातून लाकडं ओढतो, धुरानं खोकतो. दसरा झाल्यावर मी बुरुडाला बोलावून घेतलं, घरोघरी चुलीवर ताट्या बांधवल्या आणि यादीतल्या एकेका नावापुढे खूण केली. काम चोख झालं, असं मला वाटलं.

पुढच्या श्रावणात आप्पांकडे गेले. त्यांनी माझ्या खांद्याचा वास घेतला.

"धुराचा वास. ब्येस झालं."

आत चूल थंड होती. रिकाम्या ताटीवर, खांबावर, त्यांच्या स्वतःच्या घोंगड्यावर पांढरी बुरशी.

"आप्पा, हे घोंगडं तरी वर टाकायचं!"

"एका घोंगड्यासाठी कोण जाळ घालतंय, बाई? सकाळी दोन भाकरी झाल्या की इझवतो."

ते पाऊस बघत बसले. चहाचं विचारलं नाही. गेल्या वर्षी या वेळेला इथे बसायला पाट मिळत नसे.

मी घरी आले. आमच्या ताटीवरचा मास्तरांचा कोट काढला. खडखडीत कोरडा होता. छत्रीखाली छातीशी धरून तो तसाच कोरडा आप्पांकडे नेला.

"आमच्या ताटीवर सुकेना बघा, आप्पा."

त्यांनी कोट चाचपला. कॉलरला नाक लावलं, मग बाहीला. वासाच्या बाबतीत आप्पांना गावात आजवर कुणी फसवलं नव्हतं.

"लई ओला हाय की," ते म्हणाले.

"व्हय, आप्पा."

त्यांनी कोट ताटीवर पसरला आणि फुंकणी उचलली. जाळ धरला, तेव्हा मान न वळवता म्हणाले, "मास्तरास्नी सांगा, परवा येऊन उलटून जावा म्हणावं. आनि आनखी कुणाकुणाच्या घरात ओल हाय, लिवा बघू."

मी वही उघडली आणि गावातली सगळी घरं लिहिली.